'हेलो' मागे ठेवून बंगी का निघाली? गेम घडवणारे आणि कन्सोल बनवणारे यांची फारकत

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आपल्या नाशिककरांच्या या कट्ट्यावर गेमविषयी फारसे लिहिले जात नाही. पण माझा प्रश्न मुळात धंद्याचा आणि भागीदारीचा असल्यामुळे गेम न खेळणाऱ्यांनीही मत द्यावे, अशी विनंती आहे.

मायक्रोसॉफ्टने २००० साली बंगी हा स्टुडिओ विकत घेतला. बंगी तेव्हा 'हेलो' हा गेम करत होती, आणि आदल्याच वर्षी स्टीव्ह जॉब्स यांनी तो ॲपलच्या कार्यक्रमात लोकांपुढे आणला होता. १५ नोव्हेंबर २००१ रोजी पहिला एक्सबॉक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे गेम खेळायचे यंत्र (कन्सोल), अमेरिकेत विक्रीस आला तो या गेमला बरोबर घेऊनच, आणि अनेकांनी ते यंत्र केवळ 'हेलो'साठी घेतले. पुढे २५ सप्टेंबर २००७ रोजी 'हेलो ३' आला. पहिल्या चोवीस तासांत एकट्या अमेरिकेत त्याची १७ कोटी डॉलरची विक्री झाली. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच ५ ऑक्टोबरला जाहीर झाले की बंगी मायक्रोसॉफ्टपासून वेगळी होऊन पुन्हा स्वतंत्र होत आहे. मायक्रोसॉफ्टने बंगीत थोडी हिस्सेदारी ठेवली आणि 'हेलो' हे नाव संपूर्णपणे स्वतःकडे ठेवले.

इतके यश मिळाल्यावर दोघांनी एकमेकांना का सोडावे? मला वाटते की अशी फारकत अपयशापेक्षा यशातूनच अधिक वेळा होते, कारण यश मिळाले की त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. माझी मुलगी आणि तिचे वर्गमित्र सध्या एक गेम तयार करत आहेत, आणि एकाच कन्सोलशी बांधून घ्यावे की नाही यावर आमच्या घरी रोज चर्चा होते. म्हणून हा धागा काढला आहे.

मेनरोड_४२२००१

मला यात गूढ काही दिसत नाही. जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे लोक जातात, आणि पैसे कमी पडले की वेगळे होतात.

प्राजक्ता_इंदिरानगर

मेनरोड, केवळ पैशाचे कारण पुरत नाही, हे या धंद्यातल्या पहिल्याच मोठ्या फारकतीतून दिसते.

१९७९ साली डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चार प्रोग्रॅमरांनी अटारी ही कन्सोल बनवणारी कंपनी सोडली आणि जिम लेव्ही यांच्यासह ॲक्टिव्हिजन स्थापन केली. त्याआधी अटारीच्या यंत्रासाठीचे गेम अटारीच बनवत असे. यंत्र एकाचे आणि गेम दुसऱ्याचा, ही व्यवस्था ॲक्टिव्हिजनपासून सुरू झाली. आपल्या गेमनी कंपनीला किती उत्पन्न मिळवून दिले, हे या चौघांना ठाऊक झाले होते. त्यांना रॉयल्टी हवी होती आणि गेमवर स्वतःचे नाव हवे होते; दोन्ही मिळाले नाही. त्या काळी अटारी आपल्या गेमवर कर्त्याचे नाव छापत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी तर 'ॲडव्हेंचर' या गेमच्या आत एक गुप्त खोली करून तिथे स्वतःचे नाव लपवून ठेवले होते. नाव लपवून ठेवण्याची पाळी ज्या माणसावर येते, त्याची तक्रार फक्त पगाराची नसते, असे मला मनापासून वाटते.

ॲक्टिव्हिजनने पहिल्यापासून गेमबरोबर कर्त्याचे नाव दिले. अटारीने तिला न्यायालयात खेचले, आणि १९८२ मध्ये तडजोड होऊन ॲक्टिव्हिजनने रॉयल्टी देऊन गेम काढायचे ठरले. त्याच वर्षी क्रेन यांचा 'पिटफॉल' आला आणि त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

सातपूर_प्रेसशॉप

मी गेम खेळत नाही. सातपूर एमआयडीसीत माझे प्रेसशॉप आहे. पण गोदाकाठ यांनी लिहिलेले वाचताना मला आमचाच व्यवहार डोळ्यांपुढे आला.

मोठी कंपनी आमच्याकडून पार्ट बनवून घेते. त्या पार्टची डाय, म्हणजे साचा, बहुतेक वेळा कंपनीच्या पैशाने बनते, म्हणून ती कंपनीच्या मालकीची असते. ती आमच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे राहते, तिची दुरुस्ती आम्ही करतो, कुठे शिम (पातळ पट्टी) लावली की पार्टला बर (कडेची धार) येत नाही हे फक्त आमच्या कारागिराला ठाऊक असते. तरीही काम सुटले की कंपनीचा टेम्पो येतो आणि डाय उचलून दुसऱ्या व्हेंडरकडे नेतो. हात आणि अनुभव आमच्याकडे राहतात, डाय जाते. दुसरा व्हेंडर तसाच माल काढू शकतो की नाही, हे पुढे दिसते.

'हेलो' ही डाय होती आणि बंगी हा व्हेंडर होता, असे मी समजतो. अशा व्यवहारात राहावे की निघावे हे ठरवताना माझ्या मते दोनच गोष्टी पाहाव्या लागतात: डाय कोणाच्या पैशाने झाली, आणि आपल्या एकूण कामापैकी किती काम त्या एका पार्टीवर अवलंबून आहे.

गोदाकाठ

काका, तुमचे म्हणणे अगदी नेमके लागू पडते. फक्त एक भर घालतो. बंगीने लगेच 'हेलो' सोडला नाही; वेगळी झाल्यावरही तिने २०१० पर्यंत मायक्रोसॉफ्टसाठीच 'हेलो'चे गेम केले आणि 'हेलो: रीच'नंतर हात काढून घेतला. पुढचे गेम मायक्रोसॉफ्टने ३४३ इंडस्ट्रीज या स्वतःच्या नव्या स्टुडिओकडून करून घेतले.

कॉलेजरोड_कन्सोल

हात आणि डाय यांचा हाच हिशेब रेअर या ब्रिटिश स्टुडिओच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसतो. निन्टेंडो या जपानी कन्सोल कंपनीकडे रेअरची ४९ टक्के मालकी होती. 'डाँकी काँग कंट्री' आणि १९९७ चा 'गोल्डनआय ००७' हे रेअरनेच केलेले गेम होते. पण उरलेला हिस्सा निन्टेंडोने विकत घेतला नाही, आणि सप्टेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ३७.५ कोटी डॉलर देऊन संपूर्ण रेअर घेतली. तेव्हा वाटणी अशी झाली, की डाँकी काँग आणि स्टार फॉक्स निन्टेंडोकडे राहिले, आणि बँजो-काझूई व परफेक्ट डार्क रेअरबरोबर मायक्रोसॉफ्टकडे गेले.

यानंतरही रेअर काही वर्षे निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्ससाठी गेम करत राहिली, कारण मायक्रोसॉफ्टकडे हातात धरून खेळायचे यंत्रच नव्हते. म्हणजे फारकत झाली तरी व्यवहार पूर्ण तुटतोच असे नाही. आणि या प्रकरणात स्टुडिओ निघून गेला असे म्हणण्यापेक्षा कन्सोल कंपनीने त्याला जाऊ दिले असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. या बाजूचा विचार आपण कमी करतो.

उपनगर_वाचक

आतापर्यंत मालकीविषयी बरेच लिहून झाले आहे. मात्र सर्वांत गाजलेली फारकत, म्हणजे स्क्वेअर ही जपानी गेम कंपनी आणि निन्टेंडो यांची, मालकीवरून नव्हे, तर यंत्राच्या रचनेवरून झाली, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कोणीही कसेही गेम काढावेत आणि दुकाने निकृष्ट मालाने भरावीत, हे त्याचे एक मोठे कारण होते. निन्टेंडोने अमेरिकेत एनईएस हे कन्सोल आणले ते हा धडा घेऊन. यंत्रात एक कुलूपवजा चिप बसवली, जेणेकरून परवान्याशिवाय कोणाचे कार्ट्रिज (यंत्रात खोचायची गेमची डबी) चालू नये. परवाना घेणाऱ्याला वर्षाला पाचच गेम काढता येत. तो गेम दोन वर्षे दुसऱ्या कन्सोलवर काढता येत नसे. कार्ट्रिज निन्टेंडोच बनवून देई आणि त्याचे पैसे आगाऊ घेई, म्हणजे माल पडून राहिला तर तोटा प्रकाशकाचा. पाचच्या मर्यादेमुळे कोनामीने अल्ट्रा गेम्स नावाची वेगळी कंपनी काढून जास्तीचे गेम बाजारात आणले. या अटी जाचक होत्या, पण दुसरीकडे जावे असे मोठे यंत्रच बाजारात नव्हते, म्हणून सर्वांनी सहन केल्या.

स्क्वेअरने पहिला 'फायनल फँटसी' १९८७ मध्ये निन्टेंडोच्याच यंत्रावर काढला, आणि पुढचे पाचही भाग तिथेच आले. सातव्या भागासाठी त्यांना त्रिमितीय जग आणि जागोजागी चित्रपटासारखी दृश्ये हवी होती. निन्टेंडोने मात्र निन्टेंडो ६४ साठी सीडीऐवजी कार्ट्रिजच कायम ठेवले. सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मावत. 'सुपर मारिओ ६४'चे कार्ट्रिज ८ मेगाबाइटचे होते, आणि त्या यंत्रावर पुढे आलेले सर्वांत मोठे कार्ट्रिजसुद्धा ६४ मेगाबाइटचे होते. 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर मावला. शिवाय सीडी छापायला स्वस्त पडते आणि मागणी वाढली तर लवकर छापून होते; कार्ट्रिजला खर्चही जास्त आणि वेळही जास्त. ३१ जानेवारी १९९७ रोजी हा गेम जपानमध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. त्याच महिन्यात एनिक्स या दुसऱ्या जपानी गेम कंपनीने 'ड्रॅगन क्वेस्ट'चा सातवा भाग प्लेस्टेशनवर आणण्याचे जाहीर केले.

कार्ट्रिज ठेवण्यामागे निन्टेंडोचीही कारणे होती, हे नोंदवले पाहिजे. कार्ट्रिजमधून गेम क्षणात सुरू होतो, सीडीसाठी थांबावे लागते, आणि कार्ट्रिजची चोरटी नक्कल करणे अवघड असते. आपल्याकडे प्लेस्टेशनच्या नकली सीडी कशा सर्रास मिळत, हे त्या काळी नाशिकमध्ये गेम विकत घेतलेल्या कोणालाही आठवत असेल.

मेनरोड_४२२००१

उपनगर, आपले सविस्तर लेखन आवडले, पण शेवटी हीसुद्धा पैशाचीच गोष्ट झाली. कार्ट्रिज महाग आणि सीडी स्वस्त.

उपनगर_वाचक

खर्चाचा वाटा मोठा होता, हे मान्य आहे. पण केवळ पैसा असता, तर स्क्वेअरने दोन्हीकडे गेम विकले असते. प्रत्यक्षात पुढे काही वर्षे निन्टेंडोच्या कोणत्याही यंत्रावर स्क्वेअरचा नवा गेम आला नाही. मधल्या काळात, २००० साली, स्क्वेअरने 'फायनल फँटसी' बँडाईच्या वंडरस्वान कलर या छोट्या यंत्रावर आणला. निन्टेंडोचा गेम बॉय त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक घरांत असतानाही तिथे आणला नाही. हिरोशी यामाउची २००२ मध्ये निन्टेंडोच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले, त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांत पुन्हा जुळले, आणि २००३ मध्ये 'फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स' निन्टेंडोच्या गेमक्यूब या कन्सोलवर आला. दुखावलेली माणसे निर्णय घेत असली की दोन्ही बाजू नुकसान सोसतात, असे मी यावरून समजतो.

सिडको_सोनी

ज्या प्लेस्टेशनकडे स्क्वेअर गेली, त्या प्लेस्टेशनचा जन्मच एका फारकतीतून झाला, हे इथे सांगितलेच पाहिजे. सोनी निन्टेंडोच्या सुपर एनईएससाठी सीडीचे यंत्र करत होती. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने जाहीर केले की सीडीसाठी तिने फिलिप्सशी करार केला आहे. मूळ करारात सीडीवरच्या गेमचा हक्क सोनीकडे जात होता, आणि ते निन्टेंडोला नको होते. ३ डिसेंबर १९९४ रोजी सोनीने स्वतःचे प्लेस्टेशन जपानमध्ये विक्रीस काढले. हा वादसुद्धा यंत्रावरून नव्हता. गेमचे उत्पन्न कोणाच्या खिशात जाणार यावरून होता.

गंगापूररोड_हिशोबनीस

माझे मत इथल्या बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. या धाग्यात कन्सोल कंपनी ही जाच करणारी आणि स्टुडिओ हा सोसणारा, असे चित्र तयार होत आहे, आणि ते मला न्याय्य वाटत नाही.

कन्सोल बनवणारा बहुधा सुरुवातीला यंत्र तोट्यात विकतो. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, आणि ती किंमत महाग म्हणून टीका होत असतानाही प्रत्येक यंत्रामागे सोनीला तोटा होत होता. तो भरून काढायचा तो गेमच्या परवाना शुल्कातून. आज ऑनलाइन दुकानातून विकल्या जाणाऱ्या गेमवर सर्वसाधारणपणे ३० टक्के वाटा मंचाचा मालक घेतो. तो वाटा जास्त वाटतो, पण त्यामागे कोट्यवधी घरांत यंत्र नेऊन ठेवण्याचा खर्च असतो. याशिवाय स्टुडिओला गेम तयार होण्याच्या काळातला पगार अनेकदा हीच कंपनी देते. गेम आपटला तर ते पैसे परत येत नाहीत.

जो जोखीम घेतो त्याने नाव स्वतःकडे ठेवले, तर त्याला अन्याय म्हणता येणार नाही. सातपूरकर काकांनीही हेच सांगितले आहे: डाय ज्याच्या पैशाने होते त्याची असते.

प्राजक्ता_इंदिरानगर

हिशोबनीस, जोखमीचा मुद्दा मान्य आहे. परंतु डाय आणि गेम यांत एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. डायचे ड्रॉइंग कंपनीकडून येते. गेमची कल्पना, त्यातली पात्रे, त्यांचे जग, हे सर्व स्टुडिओच्या डोक्यातून आलेले असते, आणि 'हेलो' तर मायक्रोसॉफ्ट बंगीच्या दारात येण्याआधीच सुरू झालेला होता. पैसे देणाऱ्याने त्या गेमवर नफा घ्यावा, पण त्या जगात पुढे काय घडेल हे ठरवण्याचा अधिकारही त्याला कायमचा मिळावा का, यावर माझे उत्तर नकारार्थी आहे.

कॉलेजरोड_कन्सोल

फारकतीचे आणखी एक कारण अजून कोणी मांडलेले नाही. कन्सोल कंपनी स्वतःही गेम बनवते, म्हणजे ती एकाच वेळी यजमान आणि प्रतिस्पर्धी असते.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने सेगा या जपानी कंपनीचे जेनेसिस हे कन्सोल उलगडून, परवान्याशिवाय गेम काढण्याची तयारी केली होती, आणि त्या बळावर १९९० मध्ये सेगाकडून सवलतीचा करार मिळवला. दोघांचीही भरभराट झाली. पण १९९९ मध्ये सेगाचे ड्रीमकास्ट अमेरिकेत आले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्यासाठी एकही गेम केला नाही. सेगाने व्हिज्युअल कन्सेप्ट्स हा स्टुडिओ घेऊन स्वतःचे क्रीडा गेम आणले होते, आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला त्या यंत्रावर क्रीडा गेममध्ये स्पर्धक नको होता, असे सेगाच्या तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले आहे. सेगाचे गेम उत्तम होते, तरीही अमेरिकेत फुटबॉलचा गेम खेळणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'मॅडन' हवा होता, आणि तो तिथे नव्हता. जानेवारी २००१ च्या अखेरीस सेगाने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिचे गाजलेले पात्र सोनिक निन्टेंडोच्या गेमक्यूबवर आले.

पंचवटी_आरती

इन्सोम्नियॅकचे उदाहरण कोणीच का घेतले नाही? हा स्टुडिओ 'स्पायरो'पासून सोनीच्या यंत्रांसाठी गेम करत होता आणि तरी स्वतंत्र होता. 'रॅचेट अँड क्लँक' हे नाव सोनीचे. २०१४ मध्ये त्यांनी 'सनसेट ओव्हरड्राइव्ह' हा गेम मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनसाठी केला, कारण तिथे गेमची मालकी त्यांच्याकडे राहणार होती. त्यानंतर ते सोनीकडे परतले, २०१८ मध्ये 'स्पायडरमॅन' केला, आणि २०१९ मध्ये सोनीने त्यांना २२.९ कोटी डॉलरला विकत घेतले. एकदा बाहेर जाऊन आल्यामुळे त्यांची किंमत वाढली असावी, असा माझा अंदाज आहे.

सिडको_सोनी

आरतीताई, तरीही विकले गेलेच. बंगीचेही तेच झाले. २०१० मध्ये तिने ॲक्टिव्हिजनशी दहा वर्षांचा करार केला, त्यात 'डेस्टिनी'ची मालकी मात्र स्वतःकडे ठेवली, आणि त्यामुळेच २०१९ मध्ये ॲक्टिव्हिजनला सोडताना तो गेम बरोबर नेता आला. 'हेलो'च्या वेळचा धडा त्यांनी पुरता घेतला होता. पण २०२२ मध्ये सोनीने ३६० कोटी डॉलरला बंगी घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये २२० जणांना, म्हणजे सुमारे १७ टक्के लोकांना, काढून टाकले गेले. गेमचा खर्च इतका वाढला आहे की एकट्याने उभे राहणे मोठ्या स्टुडिओलाही झेपत नाही.

हाच खर्च आता कन्सोल बनवणाऱ्यांनाही झेपेनासा झाला आहे. मायक्रोसॉफ्ट २०२४ पासून एरवी एक्सबॉक्ससाठी राखून ठेवलेले स्वतःचे गेमही प्लेस्टेशनवर विकत आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर पहिल्या 'हेलो'ची नवी आवृत्ती प्लेस्टेशन ५ वर आणण्याचे जाहीर झाले.

गोदाकाठची_मुलगी

सर्वांना नमस्कार. बाबांनी धागा काढल्याचे मला आजच कळले. आम्ही चौघे आहोत आणि आमचा गेम लहान आहे, त्यामुळे कोट्यवधी डॉलरचे प्रश्न आमच्यापुढे नाहीत. आमच्यापुढे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे उदाहरण आहे. त्यांच्या 'राजी'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे जमवायच्या संकेतस्थळावर पुरेसे पैसे जमले नाहीत, तरी त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो गेम आधी फक्त निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व पीसीवरही आला. ठरावीक मुदतीपुरते बांधून घ्यायचे आणि मुदत संपली की मोकळे व्हायचे, ही पद्धत मला सर्वांत पटते. त्यात वेगळे होण्याची तारीख आधीच लिहिलेली असते, म्हणून कोणी दुखावले जात नाही.

आम्ही करारात नेमके काय पाहावे, हे कृपया सांगावे.

सातपूर_प्रेसशॉप

ताई, मुदत लिहून घेतलीस तर फार चांगले. पण मुदतीइतकेच पुढच्या ऑर्डरचे कलमही वाच. 'पुढचा गेम आधी आम्हाला दाखवला पाहिजे' असे वाक्य कुठे तरी असते, आणि ते पहिल्या कामाच्या आनंदात वाचायचे राहते.

वकील_शरणपूररोड

या शेवटच्या प्रश्नावर थोडे लिहितो.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. म्हणून तुम्हा चौघांपैकी कोणी कुठे नोकरी करत असेल तर तो मुद्दा आधी तपासा. हक्क हस्तांतरित करायचे तर कलम १९ नुसार लेखी आणि सहीचा करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास हस्तांतरण संपुष्टात येते. ही तरतूद लहान कर्त्यांच्या बाजूची आहे आणि पुष्कळांना ती माहीतच नसते.

मात्र परदेशी कंपनीच्या करारात बहुधा तिच्या देशाचा कायदा लागू असतो, आणि मग वरचे संरक्षण गृहीत धरता येत नाही. म्हणून मुदत, प्रदेश आणि न वापरलेले हक्क परत येण्याची अट ही करारातच शब्दशः लिहून घ्या. गेमचे नाव हा वेगळा विषय आहे. ते ट्रेडमार्कखाली येते. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि मनोरंजन सेवांसाठी वर्ग ४१ मध्ये अर्ज करा, आणि तो कोणालाही गेम दाखवण्याआधी करा. आणखी एक: तुम्हा चौघांतला आपसातला करार झाला आहे का? माझ्या पाहण्यात कंपनीशी फाटण्याआधी मित्रांचेच फाटते.

गोदाकाठची_मुलगी

वकील काका, मनापासून आभार. आमचा आपसातला करार झालेला नाही. आजच चौघे बसतो. नावाचा अर्जही करणार आहोत. 'पुढचा गेम आधी आम्हाला' या कलमावर मात्र आमच्यात दोन गट आहेत. दोघांचे म्हणणे असे, की त्या बदल्यात वर्षभराचा पगार मिळत असेल तर सही करावी, कारण पगाराशिवाय पहिलाच गेम पूर्ण होणार नाही. मी आणि माझी मैत्रीण याच्या विरोधात आहोत. हिशोबनीस काका, तुमचे मत आमच्या विरुद्ध असेल असे वाटते, तरीही ते वाचायचे आहे.

गंगापूररोड_हिशोबनीस

पगार वर्षभराचा असेल आणि कलमाला मुदत असेल, उदाहरणार्थ दाखवल्यापासून साठ दिवसांत कंपनीने होकार द्यावा नाहीतर तुम्ही मोकळे, तर मी सही करीन. मुदत नसेल तर करणार नाही. आकडे मांडून पाठव, मी पाहतो.